पोच आल्याशिवाय नोंद सोडायची नाही

१९ ऑगस्ट, मंगळवार

प्रज्ञाला बँकेने मेमो दिला. माझ्या सुनेला. सहा वर्षं त्या बँकेचे कॉम्प्युटर सांभाळते आहे, आणि मेमो. "निष्काळजीपणाबद्दल खुलासा करावा." एवढ्याशा कागदात शुद्धलेखनाच्या चुका किती. मी लाल पेनने खुणा केल्या. प्र. म्हणाली, "आई, ती मूळ प्रत आहे." असू दे.

काय झालं ते जेवताना सांगितलं. बँकेत एक मशीन फक्त नोंदी ठेवतं. मुख्य कचेरी, सगळ्या शाखा, कोण कधी आत शिरलं, कोणाचं खातं उघडलं, त्यात काय बदललं, हे सगळं आपोआप त्याच्याकडे येतं. लॉग सर्व्हर म्हणतात. काल दुपारी कोणीतरी त्याच्यावर खोट्या नोंदींचा मारा केला. इतक्या, की ते गुदमरलं आणि बंद पडलं. दुपारभर शाखांमधून खऱ्या नोंदी निघाल्या त्या वाऱ्यावर गेल्या. नेमक्या त्याच दुपारी माढा शाखेतल्या एका म्हातारीच्या खात्याचा मोबाइल नंबर बदलला गेला. कोणी बदलला, पत्ता नाही, कारण नोंदच नाही. म्हातारी खमकी, नंबर बदलल्याचा मेसेज जुन्या फोनवर आला तशी संध्याकाळी शाखेत येऊन उभी राहिली, म्हणून खातं वाचलं.

चोर मोकळा. राखण करणारीला मेमो.

२० ऑगस्ट

अमोल म्हणतो, "प्रज्ञा, माफी मागून टाक, विषय संपेल." हा माझा मुलगा. मी विचारलं, "कशाची माफी?" त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच्या वडिलांचीही हीच पद्धत होती, फक्त तेव्हा रेडिओ होता.

प्र.ने गेल्या वर्षीच सांगितलं होतं की हे मशीन उघड्यावर आहे, बंदोबस्त करू द्या. जनरल मॅनेजर म्हणाले होते, "अहो, नोंदींचं मशीन ते. त्याच्यावर कोण कशाला हल्ला करेल? तिथं काय पैसा आहे?" आज तिने त्याची आठवण करून दिली. तर म्हणाले, "तुम्ही तेव्हा नीट समजावून सांगितलं नाही."

म्हणजे समजलं नाही यांना, आणि चूक हिची. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर अशा मुलांना वर्गाबाहेर उभं करायच्या. यांना मॅनेजर करतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज प्र.ला सुट्टी. भाजी निवडताना तिला म्हटलं, मला नीट सांग, मी काही अडाणी नाही, टेलिफोन खात्यात ट्रंक एक्सचेंजची सुपरवायझर म्हणून रिटायर झाले.

तिने सांगितलं ते असं. सध्याच्या जुन्या पद्धतीत हे मशीन म्हणजे दारावरची टपालपेटी. कोणीही यावं, कोणाच्याही नावाने चिठ्ठी टाकावी, पेटी ओळख विचारत नाही. टाकणाराही पोचली की नाही हे बघायला थांबत नाही. पेटी गच्च भरली की खरी चिठ्ठी बाहेर पडते, कोणाला कळतही नाही. तिला करायचंय ते एवढंच. ओळख पटल्याशिवाय कोणाची चिठ्ठी घ्यायची नाही. एकाच मशीनने तेच तेच ओरडायला सुरुवात केली तर एकदा लिहायचं आणि पुढे 'वरीलप्रमाणे, इतक्या वेळा'. खात्यातल्या बदलांच्या नोंदींना वेगळी वाट, ती गर्दीत कधीच अडकणार नाही. आणि शाखेतल्या मशीनने आपली नोंद पोच आल्याशिवाय सोडायची नाही, स्वतःजवळ धरून ठेवायची.

मी हसायलाच लागले. दहावीचा निकाल लागायचा त्या दिवशी आमच्या बोर्डावर हेच व्हायचं. सगळं सोलापूर एकदम फोन उचलायचं. त्यात भर, एक इसम होता, रोज तक्रारींच्या नंबरावर सारखी घंटी वाजवायचा, नुसता त्रास द्यायला. मी मुलींना सांगितलं होतं, एका लाइनची तक्रार एकदाच लिहायची, पुन्हा वाजली तर शेजारी नुसती रेघ मारायची. दवाखाना आणि अग्निशमन वेगळ्या बोर्डावर, तिथे निकालाचा एकही कॉल जाता कामा नये.

प्र. गवारीची शेंग हातात धरून बघत राहिली. "आई, तुम्ही रेट लिमिट लावत होतात. एकाकडून किती घ्यायचं, त्याची मर्यादा."

लावत होते. नाव माहीत नव्हतं, एवढंच.

ती यातलं सगळं आधीच आखून बसली आहे हं. मी काही शिकवलेलं नाही. फक्त माझ्या सुनेला आणि मला एकच गोष्ट सुचली याचा मला दिवसभर आनंद होतोय, तो लिहून ठेवते.

२५ ऑगस्ट

मेमोचं उत्तर तिने लिहिलं. मी त्यात 'धादांत', 'बेजबाबदार' आणि 'लज्जास्पद' हे शब्द घातले. तिने तिन्ही काढले. उत्तर तरी चांगलं आहे. कोरडं, पण चांगलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

बँकेचं पत्र आलं. "खुलासा असमाधानकारक." दसऱ्यानंतर सुनावणी. आणि पुढचं वाक्य वाचून माझा चहा गार झाला: दरम्यान नोंदींचे मशीन पुन्हा बंद पडल्यास सेवा समाप्त करण्यात येईल. बंदोबस्त करू द्या म्हणाली तर, "सुनावणी होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

हात बांधायचे आणि वर म्हणायचं, बुडालीस तर बघ.

प्र. रडली नाही. कपडे वाळत घातले, प्रत्येक कपडा नीट झटकून. मी तिला म्हटलं, सोड ती बँक, पुण्याला तुला पायघड्या घालतील. म्हणाली, "निष्काळजी असा शिक्का घेऊन मी कुठंच जाणार नाही, आई. शिक्का पुसूनच जाईन, नाहीतर राहीन."

तिच्या वस्तीतली पहिली कॉम्प्युटर इंजिनिअर आहे ती. लग्नाच्या वेळी विहारात तिचे वडील मला म्हणाले होते, "मुलीला सांभाळा." मी म्हटलं होतं, ती आम्हाला सांभाळेल. खरं ठरलं. आता माझी पाळी.

आजच टपालाने बँकेच्या वार्षिक सभेची सूचना आली. मी सभासद आहे. रिटायर झाले तेव्हा शेअर घेतले होते. सभेला कधी गेले नाही, जेवणासाठी जातात लोक. या वर्षी जाणार.

१४ सप्टेंबर, रविवार. सभा.

मंगल कार्यालय भरलेलं. मागून मठ्ठ्याचा वास. चेअरमन एकेक विषय वाचतात, वाक्य पुरं व्हायच्या आत "मंजूर, मंजूर". अहवाल वाचला असे समजून मंजूर. ताळेबंद, मंजूर. माझ्या शेजारी एक वयस्कर पद्मशाली गृहस्थ होते, झोपेतसुद्धा मंजूर म्हणत होते.

'आयत्या वेळचे विषय' म्हटल्याबरोबर मी उभी राहिले.

चेअरमन म्हणाले, "मॅडम, जेवण थंड होतंय."

मी म्हटलं, "माझं वय झालंय, मला थंड चालतं. प्रश्न विचारते. ऑगस्टमध्ये आपल्या बँकेच्या नोंदींचं मशीन एक दुपारभर बंद होतं, हे खरं का?"

जी.एम. उठले. "तो तांत्रिक भाग आहे."

"तांत्रिकच विचारते. त्या दुपारी माझ्या खात्यात कोणी हात घातला असता, तर तुम्ही मला कसं सांगितलं असतं?"

म्हणाले, तसं काही होत नसतं.

"माढ्याला झालं," मी म्हटलं. कार्यालयात एकदम कुजबुज. माढ्याकडून आलेले चारपाच जण मागे उभे होते, त्यातला एक ओरडला, "व्हय, झालंय की. लपवताय कशापायी?" शेजारचे गृहस्थ पूर्ण जागे झाले. मला म्हणाले, "बोला मॅडम, बोला. मंजूर म्हणायला आम्ही हाओत की."

मी जे सांगितलं ते प्र.चंच, फक्त माझ्या आवाजात. ओळख, मर्यादा, वेगळी वाट, पोच. आमच्या ट्रंक बोर्डाची गोष्टही सांगितली, आणि लोकांना ती समजली. मग विचारलं, "हे सगळं करून द्यायला तुमचीच कर्मचारी एका पायावर तयार आहे. मशीनला हात लावायचा नाही असं तिला कोणी सांगितलं, आणि का?" नाव घेतलं नाही. मध्येच चेअरमन बोलायला गेले तर तोंडातून गेलं, "आय हॅव नॉट फिनिश्ड." पन्नास वर्षांपूर्वीच्या सिस्टर आगाथा माझ्या घशातून बोलल्या.

चेअरमन राजकारणातले, वारा ओळखतात. हात जोडून म्हणाले, "भगिनींच्या भावनेचा आदर करून, दसऱ्याच्या आत हा बंदोबस्त झालाच पाहिजे, असा मी आदेश देतो." टाळ्या. मंजूर.

जेवले मग. जिलबी बरी होती.

१५ सप्टेंबर

प्र. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही." सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतंस, मी म्हटलं. "नसतं दिलं," म्हणाली. मग हसली. परवानगीचा कागद पर्समधून काढून दाखवला.

अमोल म्हणाला, "आई, तुझा व्हिडिओ फिरतोय." त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता की भीती, कळलं नाही. दोन्ही असेल.

२४ सप्टेंबर, बुधवार

प्र. शाखाशाखांतून फिरते आहे. काल अक्कलकोट. तिथले मॅनेजर हिरेमठ सज्जन माणूस. अर्धं कानडी अर्धं मराठी. "एन् री ताई, आमचं मशीन आता नोंद दाबून धरतंय म्हणता. पोच नाही आली तर?" ती म्हणाली, धरूनच ठेवील. "आणि कधीच नाही आली तर?" तरीही धरील, जागा संपेपर्यंत, आणि त्याआधी मला ओरडून सांगेल. हिरेमठ म्हणाले, "आमच्या मंडळीसारखं आहे हो." घरी येऊन मला सांगताना तिला हसू आवरेना.

किती दिवसांनी हसली.

३० सप्टेंबर, मंगळवार

हिरेमठांचा फोन. "ताई, उद्या खंडेनवमीला सगळ्यांनी मिळून एकदम चालू करायचं म्हणे, बरोबर आहे का ते?"

झालं ते असं. खंडेनवमीला बँकेत यंत्रांची पूजा असते, दरवर्षी आपापल्या सोयीने. या वर्षी चेअरमनना सभेमुळे हुरूप आलाय. फर्मान असं: सगळ्या शाखांनी सगळी मशीनं बंद करायची, हळदकुंकू वाहायचं, आणि मुहूर्ताला मुख्य कचेरीतून इशारा आला की एकाच क्षणी सगळं चालू. समोर फोटोवाले. मॅनेजरांच्या ग्रुपवर टाकलं, जिला कळायला हवं तिला सोडून.

मी म्हटलं, त्यात काय बिघडतं? प्र.ने समजावलं. प्रत्येक मशीन जागं झालं की कितीतरी नोंदी पाठवतं. मी उठलो, घड्याळ लावलं, तार जोडली, अमुक आत आला. एरवी एकामागून एक उठतात म्हणून कळत नाही. सगळी एकदम उठली तर ज्याच्यापासून मशीन वाचवायचं तोच मारा आपण आपल्या हाताने करणार. आणि बंद पडलं तर बँकेच्या पत्रातलं ते वाक्य, सेवा समाप्त.

ती जी.एम.कडे गेली. "चेअरमनसाहेबांनी ठरवलंय. पूजेत विघ्न आणू नका."

माझ्या भाषणाचा प्रसाद. मी नसते बोलले तर यांना एवढा हुरूप आला नसता. पण नसते बोलले तर बंदोबस्तही नसता. काय करावं माणसाने. मी तिला काही म्हणाले नाही, पोळ्या केल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

आजचं आजच लिहायचं.

चेअरमननी मला मुद्दाम बोलावलं होतं, "प्रश्न विचारणाऱ्या ताई" म्हणून. गेले. आम्ही पूजा करत नाही, पण सून तिथे एकटी उभी राहणार होती.

मशीनच्या खोलीत झेंडूच झेंडू. प्र. वारा आत घेणाऱ्या जाळीतून एकेक फूल काढत होती. चेअरमन तिला म्हणाले, नारळ तुम्ही फोडा. ती म्हणाली, "मामांना फोडू द्या साहेब, बाहेर पायरीवर. पाणी मशीनपासून लांब." बाबूमामा, तिथले जुने शिपाई, लगेच नारळ घेऊन गेले. जाताना मला हळूच, "मॅडम, तुमची सून लई धीराची हाय."

मुहूर्त आला. चेअरमननी फोनवर "चालू करा" म्हटलं. फोटो.

पडद्यावर नोंदी इतक्या वेगात धावायला लागल्या की अक्षर दिसेना. मला आमचा निकालाचा दिवस दिसला, सगळे दिवे एकदम पेटलेला बोर्ड. प्र. खुर्चीच्या काठावर. मशीन रेंगाळलं, पण चालत होतं. शाखा नोंदी धरून थांबल्या, जशी जागा होईल तशा देत गेल्या. माढा पोचली. अक्कलकोट पोचली.

आणि मग प्र. पुढे झुकली. मला म्हणाली, अगदी चहा घेणार का विचारावं तशी, "आई, बाहेरचे पाहुणे आलेत."

ऑगस्टसारखाच मारा. नेमका मुहूर्तावर.

पण या वेळी ओळख विचारली गेली. ओळख नाही, आत प्रवेश नाही. सगळा कचरा दारातच. आणि एक मशीन बँकेचंच होतं, आतलं, तेही वेड्यासारखं ओरडत होतं. त्याची एक ओळ लिहिली गेली आणि पुढे 'वरीलप्रमाणे'. या सगळ्या गदारोळात एका खात्याचा नंबर बदलायचा प्रयत्न झाला. ती नोंद वेगळ्या वाटेने आली. सरळ, एकटी, पहिली. प्र.ने ते खातं तिथल्या तिथे थांबवलं.

मशीन बंद पडलं नाही.

चेअरमन पेढे घेऊन आत आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "बघा, पूजा फळली."

मी तोंड उघडलं होतं. प्र.ने माझ्या हातावर हात ठेवला आणि पेढा घेतला. मी पण घेतला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल विहारात गेलो. तिचे वडील भेटले, जयभीम झाला. त्यांना सगळं मीच सांगितलं, थोडं मोठं करून. ते ऐकत राहिले, मग चष्मा पुसत बसले.

मुहूर्त फक्त मॅनेजरांच्या ग्रुपवर होता. म्हणजे ज्याने केलं त्याला आतून कळलं, किंवा तो आतलाच. प्र.कडे त्या आतल्या मशीनची नोंद आहे, त्यावर कोण बसलं होतं त्याचीही. मुख्य कचेरीतलं मशीन आहे, एवढंच बोलली. कागद बंद पाकिटातून थेट ऑडिटरांकडे दिला.

नाव मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

विचारलं. दोनदा. सांगितलं नाही. "सिद्ध होईपर्यंत नाव घ्यायचं नसतं, आई. माझ्या बाबतीत त्यांनी काय केलं ते आपण बघितलं ना."

तिसऱ्यांदा विचारलं नाही. असं फार वेळा होत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुनावणी पुढे ढकलली. कारण दिलं नाही. चेअरमनचा मात्र फोन आला, दिवाळीच्या कार्यक्रमात सत्कार करू, शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. "मेमोचं काय एवढं, तो आपोआप विरून जाईल. आणि ऑडिटरकडे जे गेलंय ते घरातलं घरात बघू."

प्र. म्हणाली, "साहेब, ऑडिटरकडे गेलंय ते आता माझं नाही. माझा मेमो मागे घेतल्याचं पत्र द्या. शाल नंतर."

स्पीकर चालू होता. मी भिंतीला टेकून ऐकत होते. अमोलपण. फोन ठेवल्यावर तो तिला म्हणाला, "बरोबर बोललीस." टीव्ही बंद होता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी प्र. कामावर गेली आणि मागोमाग बाबूमामा दारात. हातात शाल, नारळ, वर सह्यांची वही. कार्यक्रम रद्द म्हणे, ऑडिटर परत आलेत, मुख्य कचेरीत दार लावून बसलेत कालपासून. कोणाकोणाला बोलावतात ते मामांना माहीत नाही. "सायबांनी दिलंय, घ्या की मॅडम. माझं काम फकस्त पोचवायचं."

"आणि पत्र?"

"पत्राचं मला काय म्हाईत न्हाय."

बसा म्हटलं, चहा केला. वहीत सही हवी होती, शाल मिळाल्याची. मी सही केली, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: शाल व नारळ पोचले. मेमो मागे घेतल्याचे पत्र पोचले नाही. मामांनी वाचलं, मिशीत हसले, वही काखेत मारून गेले.

प्र.ला फोन करून सांगितलं. पलीकडे दार उघडल्याचा आवाज. मग म्हणाली, "आई, ऑडिटरांनी बोलावलंय मला आत. ठेवते."

शाल खुर्चीवर आहे. रंग बरा आहे. घडी मोडलेली नाही.